मारामारीचा गेम सुटला, तरी काळजी का?

मुलांच्या मोबाईल गेमच्या काळजीने माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, किती तास खेळलं की व्यसन म्हणायचं?" त्यांना आकडा हवा असतो. दोन तास चालतील, चार झाले की बिघडलं, असं काहीतरी, म्हणजे घरी जाऊन घड्याळ लावता येतं. मी आकडा देत नाही, कारण तसा आकडा कुठे नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, पण तासांची अट त्यातही नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, हे साधारण वर्षभर चाललं असेल आणि त्यापायी शिक्षण, घर, नाती खरोखर कोलमडत असतील, तर डॉक्टर हे नाव देतात. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना घरात बसून पाच तास खेळणारं पोरगं एवढ्यावरून त्यात बसत नाही.

मी तासांच्या आधी दुसरं विचारते. सध्या तो काय काय खेळतोय, आणि का?

पालकांना हे बहुधा सांगता येत नाही. "ते गोळ्या मारायचं", "ते गाडीचं", इथवरच त्यांची माहिती असते. मुलांना मात्र सांगता येतं, आणि आपण नाक न मुरडता ऐकतोय हे कळलं की ती थांबत नाहीत. त्यातला 'सध्या' हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण गेम बदलतात, आणि का बदलले हे विचारलं की घरात दुसरं काय बदललं तेही बाहेर येतं.

गेल्या वर्षी आलेल्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला. घर सोलापूरच्या पूर्व भागात. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला, आई घरी शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई करते. शाळा उघडायच्या आधीचे महिने तिला मशीनवरून मान वर करायला फुरसत नसते. दहावीला मुलाला चांगले मार्क मिळाले होते. अकरावीचं पहिलं सत्र बरं गेलं, मग कॉलेजला दांड्या सुरू झाल्या. कॉलेजातून फोन आला तेव्हा घरच्यांना कळलं.

आई सांगत होती, "रात्री पाणी सुटलं म्हणून उठले, तर हा अंधारात मोबाईल घेऊन बसलेला. पुढच्या पाळीला उठले, तर तेव्हाबी तसंच." आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि कधी सुटेल याचा नेम नसतो, म्हणून घरात कुणीतरी कान उघडे ठेवून झोपतं. या घरात ती आई. नळाला नेमाने सकाळी पाणी येणारं शहर असतं, तर तिला हे आणखी काही महिने कळलं नसतं.

वडील तिच्याइतके घाबरलेले नव्हते. म्हणाले, "पण एक बरं झालं मॅडम. ते मारामारीचं सोडलं त्यानं. आधी कानाला ते लावून नुसती बोंबाबोंब असायची. आता गप ते बसगाडीचं खेळायलाय. आवाज नाही, शिव्या नाहीत." आईनेही मान हलवली. अर्धी लढाई जिंकली, आता फक्त तास कमी करून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

मुलगा एकटा आत आला आणि बराच वेळ टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत बसला. फोन दाखव असं मी कुणालाच म्हणत नाही. एक कोरा कागद पुढे केला आणि म्हटलं, "सध्या काय काय खेळायलास ते लिही. आधी खेळायचास आणि सोडलंस, तेही लिही. समोर 'का' तेवढं लिही, एका ओळीत."

त्याने पाच नावं लिहिली. लुडो किंगसमोर लिहिलं, 'आजीला.' म्हणजे आजीसाठी. लॉकडाऊनमध्ये तिला शिकवला होता, तिची सवय अजून सुटलेली नाही. फ्री फायर मॅक्ससमोर, 'बारक्या भावाला पार्टनर लागतो, नाहीतर रडतो.' बुद्धिबळासमोर, 'कधीतरी. हरलो की बंद.' बस सिम्युलेटर इंडोनेशियासमोर, 'रात्री. कोण काय विचारत नाही.' आणि सगळ्यात वर बीजीएमआय लिहून त्यावर काट मारली होती. काट मारूनही पुढे कारण लिहिलं होतं, 'पोरं होती.'

मला पुढच्या दोन-तीन भेटींचं काम त्या काट मारलेल्या ओळीत दिसलं.

ज्यांनी बीजीएमआय कधी बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण बाहेरून तो नुसता गोळीबार वाटतो. हा मूळचा पबजी. २ सप्टेंबर २०२० ला भारतात त्याच्या मोबाईल आवृत्तीवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय या नव्या नावाने आला, २०२२ च्या जुलैमध्ये पुन्हा ॲप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. "सरकारनं बंद केलं होतं ना ते?" असं पालक विचारतात, त्याचं उत्तर हे. आता खेळाबद्दल. शंभर जण पॅराशूटने एका बेटावर उतरतात. पहिली काही मिनिटं 'लूट', म्हणजे घराघरांतून बंदुका, औषधं गोळा करायची. मग 'झोन' आकसत जातो आणि सगळ्यांना त्याच्या आत राहावं लागतं. चौघांचा स्क्वॉड असेल तर माईक चालू असतो. पूर्ण मॅच सुमारे अर्धा तास चालते आणि त्यातली प्रत्यक्ष मारामारी थोडी. उरलेला वेळ पोरं चालतात, पळतात, गाडीतून फिरतात आणि गप्पा मारतात. कुणाला किती मार्क पडले, कुणाचं कुणाशी वाजलं, मेसचं जेवण किती वाईट आहे. आपल्या पिढीने कट्ट्यावर बसून जे केलं तेच, फक्त मधूनच एखादा ओरडतो.

या मुलाचा स्क्वॉड म्हणजे एकाच गल्लीतली चार पोरं. दहावीनंतर दोघं नीटच्या क्लाससाठी लातूरला गेले, एक पुण्याला डिप्लोमाला. हा सोलापुरात राहिला, कारण बाहेरची फी आणि हॉस्टेल दोन्ही झेपणारं नव्हतं. रात्री दहाला चौघं गेमवर भेटायचे. घरी ज्याला बोंबाबोंब म्हणत होते, ते याच्या दिवसभरातलं एकमेव मोकळं बोलणं होतं. कॉलेजात त्याची कुणाशी ओळख झालेली नव्हती.

मग बोलणं बदललं. लातूरचे दोघं टेस्ट सिरीज, रँक, बॅच यांवर बोलायचे. हा काही म्हणाला की, "तू सोड बे, तुला कशाचं टेन्शन." असं दोन-चारदा झालं. त्याने माईक बंद ठेवायला सुरुवात केली. पुढचं त्याच्याच शब्दांत सांगते, कारण ते मला सुचलं नसतं. "मॅडम, मी नॉक झालो तरी कोण रिव्हाइव्हला येईना झालं." गोळी लागून माणूस 'नॉक' होतो तेव्हा तो लगेच बाद होत नाही. गुडघ्यावर रांगत राहतो आणि जोडीदाराने वेळेत येऊन त्याला उठवलं तर पुन्हा खेळू शकतो. हा रांगत राहायचा आणि तिघं पुढे निघून जायचे. मुद्दाम असेल असं मला वाटत नाही, सोळा वर्षांची पोरं जिंकायच्या नादात असतात. पण याने ते मोजलं होतं. एका रात्री गेमच फोनवरून काढून टाकला. घरच्यांना आनंद झाला तो त्याच आठवड्यात.

बसच्या गेममध्ये इंडोनेशियातले रस्ते आहेत. प्रवासी घ्यायचे, ठरलेल्या गावी सोडायचे, एवढंच. बसला हवा तो रंग चढवता येतो, म्हणून आपली पोरं तिला एसटीचा लाल रंग देतात. यानेही दिला होता, कारण त्याचे मामा एसटीत ड्रायव्हर होते आणि लहानपणी तो त्यांच्या मागच्या सीटवर बसून अक्कलकोटला जायचा. "रात्रीचा पाऊस लावतो," म्हणाला. "रस्त्यावर कोण नसतं. कोण नॉक होत नाही." तीन-साडेतीनपर्यंत तो असा चालवत बसायचा.

म्हणजे घरात ज्याला सुधारणा समजले ती उतरण होती. आरडाओरडा बंद झाला, कारण बोलायला कुणी उरलं नव्हतं. उलटही घडतं, हे सांगायला हवं. एखादा दमलेला, शिणलेला मुलगा शांत गेमकडे वळतो आणि त्याने त्याला खरंच बरं वाटतं. शेती करायचा, घर बांधायचा, बस चालवायचा गेम वाईट आणि बंदुकीचा चांगला, असं मी म्हणत नाहीये. चित्र बघून गेमची पारख होत नाही, एवढंच. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या तीन मूलभूत मानसिक गरजा मांडल्या आहेत. आपलं आपण ठरवता यावं, आपल्याला काहीतरी जमतंय असं वाटावं, आणि आपण कुणाचे तरी आहोत असं वाटावं. पुढे रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हीच फूटपट्टी व्हिडिओ गेमला लावून पाहिली. मला कामात ती फार उपयोगी पडते. या मुलाच्या कागदावर 'आजीला' आणि 'बारक्या भावाला' ही दोन कारणं जिवंत होती, दुसऱ्यासाठी होती. त्यामुळे मला धीर आला. पण त्याचं स्वतःचं म्हणून उरलं होतं ते फक्त पहाटेचं, एकट्याचं ड्रायव्हिंग.

अशा वेळी गेमचा विषय बाजूला ठेवून काही गोष्टी सरळ विचाराव्या लागतात. झोप, भूक, आवडीच्या गोष्टींत रस आहे का, आणि जगू नये असं वाटतं का. शेवटचा प्रश्न पालकांसमोर उच्चारला तरी ते दचकतात. विचारल्याने ते डोक्यात शिरेल, अशी भीती असते. तसं होत नाही. विचारल्याने बहुतेकांना हायसं वाटतं. तो म्हणाला, "तसलं नाही. पण सकाळ झाली की कशाला झाली, वाटतं." एवढं पुरेसं होतं. मी त्याला एकदा मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी तपासून औषध सध्या नको म्हटलं, झोप आधी जागेवर आणा आणि महिन्याने परत दाखवा. ज्यांना लगेच कुणाकडे जाता येत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६ वर फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.

पुढच्या भेटीला मी तिघांना एकत्र बसवलं आणि तोच प्रश्न तिघांनाही विचारला. तुम्ही सध्या काय खेळता, आणि का?

वडील म्हणाले, "मी कुठं खेळतोय?" मुलाने पहिल्यांदा वर बघितलं. "पप्पा, कँडी क्रश." वडील जरा ओशाळले. मग कळलं की लेव्हल हजारांच्या पुढची आहे आणि पाच लाइफ संपल्या की पुढची यायला अर्धा तास लागतो, हे त्यांना घड्याळ न बघता कळतं. का खेळता? "आठ तास मशीनचा खडखडाट असतो ओ. घरी आलं की डोकं बधिर झालेलं असतंय. ते कँडी फुटलं की बरं वाटतंय." मी म्हटलं, लिहा की मग तसंच. त्यांनी खरंच लिहिलं. मुलगा हसत होता, पण टिंगल म्हणून नाही.

आई म्हणाली तिला वेळच नाही. मग मुलाकडे वळून, "मला ते बसचं दाखव एकदा." त्याने फोन काढला. लाल बस निघाली. आई नीट बघत होती.

"कुठं चाललीय ही?"

"सुराबायाला."

"ते कुठं आलं?"

"इंडोनेशियात."

"आपली एसटी तिकडं कशाला गेली?"

त्याने तो प्रसिद्ध नागमोडी हॉर्न वाजवून दाखवला, ज्याच्यासाठी इंडोनेशियातली पोरं रस्त्याकडेला उभी राहून बस ड्रायव्हरांना विनवायची. आईला तो इतका आवडला की परत वाजवायला लावला. वडिलांनी विचारलं, डिझेल भरावं लागतं का. अर्धं सेशन यातच गेलं आणि मी ते जाऊ दिलं. आपण रात्री काय करतो हे त्या मुलाने घरात पहिल्यांदाच कुणाला दाखवलं होतं, आणि समोरून 'बंद कर ते' आलं नव्हतं. मग त्यानेच आपणहून काट मारलेल्या ओळीबद्दल सांगितलं. वडील 'नॉक' म्हणजे काय ते दोनदा विचारून घेत होते. समजल्यावर गप्प झाले.

'का' विचारल्यावर येणारं उत्तर नेहमी असं सोपं नसतं. तिशीतले एक गृहस्थ आले होते, पैसे लावून ऑनलाइन रमी खेळणारे. का, याचं त्यांचं उत्तर होतं, "गेलेले काढायचेत." हे उत्तर आलं की मी गेमच्या गप्पा मारत बसत नाही. तिथे उपचार वेगळा, हिशेब वेगळा, आणि घरच्यांना विश्वासात घेणं आधी. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला, त्यामुळे ते दुकान कायद्याने बंद झालं. पण गेलेले काढायची ओढ कायद्याने जात नाही. आपल्या मुलाचं उत्तर या जातीचं असेल, तर तास मोजण्यात वेळ घालवू नका.

या मुलाच्या घरी आधी झोपेचं बघितलं. अकरा वाजता सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, वडिलांचाही. ही अट मुलाचीच होती. सकाळी उठायची वेळ पक्की केली, झोप लागो न लागो. बसचा गेम बंद केला नाही, फक्त संध्याकाळी आणला, आणि गंमत म्हणजे उजेडात त्याला तो फारसा खेळावासा वाटेना. मित्रांचं काम अवघड होतं. चौघांत त्यातल्या त्यात कोण बरा, असं विचारलं तर त्याने लातूरच्या एकाचं नाव घेतलं. त्याला काय लिहायचं यावर आम्ही बराच खल केला. मी सुचवलेली वाक्यं त्याने 'लई फिल्मी' म्हणून नाकारली, आणि बरोबरच होतं ते. शेवटी त्याने लिहिलं, 'एक मॅच टाकतो का, दोघंच?' उत्तर लगेच आलं नाही. आलं तेव्हा त्यात गेमपेक्षा लातूरचंच जास्त होतं. त्या मित्रालाही तिथे करमत नव्हतं, बॅच खाली घसरली होती आणि हे स्क्वॉडवर बोलायची सोय नव्हती. आता दोघं ड्युओ खेळतात.

मग वडिलांचा फोन आला. "मॅडम, ते मारामारीचं परत चालू झालंय." मी म्हटलं, ते मला माहीत आहे. त्यांची अडचण आवाजाची नव्हती, जेवणाची होती. ताट वाढलं तरी हा उठत नाही. हे भांडण मला जवळजवळ प्रत्येक घरात दिसतं, म्हणून सांगून ठेवते. बीजीएमआय मध्येच थांबवता येत नाही. सोडून उठलं तर जोडीदार एकटा पडतो. कँडी क्रश हवा तेव्हा बाजूला ठेवता येतो, त्यामुळे वडिलांना वाटतं हाही ठेवता येत असेल. 'ये आत्ताच्या आत्ता' ऐवजी 'किती राहिलंय?' विचारा आणि पुढची मॅच सुरू होण्याआधी ताट वाढा. दुसरं, अठराच्या आतल्या मुलांना हा गेम दिवसाला तीन तासांच्या वर खेळू देत नाही, पण बरीच पोरं खातं उघडताना वय वाढवून टाकतात. या मुलानेही वडिलांचं वय घातलं होतं. आम्ही ते बदलून घेतलं. तो कुरकुरला, पण त्याला तीन तास लागतही नव्हते.

तब्येत आता ठीक आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी पुढची तारीख लांबची दिली. कॉलेजची हजेरी सुधारली, पण पुरेशी नाही, आणि त्यामागचं कारण आता समोर आलंय. त्याला सायन्स नको आहे. मित्र गेले म्हणून त्याने घेतलं होतं. पुढे काय, तर ऑटोमोबाईलचा डिप्लोमा किंवा आयटीआय, असं तो चाचरत म्हणतो. वडिलांना हे पटलेलं नाही. दहावीला एवढे मार्क आणि आयटीआय, लोक काय म्हणतील, हे त्यांनी मला फोनवर ऐकवलं आणि वर, "तुम्हीच त्याला समजावा," असंही. मी म्हटलं, समजावणार नाही, पुढच्या वेळी दोघंही या. तारीख ठरली आहे. युनिफॉर्मचा सीझन चालू असल्यामुळे आईला यायला जमेल असं दिसत नाही.